भातात तीन ओळी चालतात, मग गव्हात कुठे अडतं? नर वंध्यत्वाबद्दल विचारणा

राजनाला_कर्जत

नमस्कार मंडळी. कर्जत भागात कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी हंगामात हायब्रिड भाताचं बीजोत्पादन चालतं. सह्याद्री या हायब्रिडची नर वंध्य मादी (ए ओळ) आयआर ५८०२५ए, तिला पराग देऊन वंध्यच राखणारी बी ओळ, प्रजनन परत आणणारी वेगळी नर ओळ (आर ओळ), नराच्या दोन रांगांना मादीच्या आठ अशी लावणी, जिबरेलिक ॲसिडची (जीए) फवारणी, पराग उडावा म्हणून सकाळी दोरी ओढणं, हे सगळं अंगवळणी पडलेलं आहे. आता कृषी विद्यालयाच्या मुलांना ‘भातात होतं, मग गव्हात का होत नाही?’ हे समजावून द्यायचंय, आणि नुसतं फळ्यावर नाही, नोव्हेंबरात चाळीसेक कुंड्या लावून. गहू आपल्या कोकणातलं पीक नाही, त्यामुळे प्रश्न भातवाल्याचेच असणार, सांभाळून घ्या.

गव्हात नर वंध्य मादी मिळते का, आणि ती राखायला बी ओळ लागते का? भाताची लोंबी पोटरीतून (वरच्या पानाच्या आवरणातून) पूर्ण बाहेर यावी म्हणून जीए मारतो, तसं गव्हाला मारायचं का? अननसाला फूल यावं म्हणून इथेफॉन वापरतात, त्यानेच गव्हातले परागकण मारता येतात असं वाचलं, ते खरं का? आणि घरात खपली गहू आहे. तो नर म्हणून लावला तर?

कुसळ

सर, वंध्य मादी कधीच मिळाली आहे. किहारा यांनी १९५१ साली एजिलॉप्स कॉडाटा या रानगवताच्या पेशीद्रव्यात गव्हाचं केंद्रक बसवून पहिलं वंध्यत्व दाखवलं. पण कामाची ठरली ती १९६२ साली विल्सन आणि रॉस यांनी दिलेली टिमोफीवी गव्हाच्या पेशीद्रव्यातली मादी. तुमच्या भातातल्या मादीला वंध्य करणाऱ्या डब्ल्यूए पेशीद्रव्याचं मूळ म्हणजे चीनच्या हैनान बेटावरचा रानभात, तो सापडला १९७० मध्ये. म्हणजे वंध्य मादीच्या बाबतीत गहू भाताच्या आठ वर्षं पुढे होता. मुलांना सुरुवात इथूनच करून द्या, म्हणजे ‘गव्हात वंध्यत्वच नाही’ हा गैरसमज पहिल्या पाच मिनिटांत जाईल.

बी ओळीची गंमत मात्र भाताच्या उलट आहे. भातात इंडिका वाण घेऊन डब्ल्यूए मादीशी चाचणी संकर करा, प्रजनन परत आणणारे वाण पुष्कळ सापडतात आणि बी ओळ शोधायला कष्ट पडतात. टिमोफीवी पेशीद्रव्यात साधा कुठलाही गहू घ्या, तो बहुतेक बी ओळ म्हणूनच वागतो. त्यामुळे मादी राखणं सोपं, पण आर ओळ दुर्मिळ. आरएफ१ आणि आरएफ३ ही मुख्य पुनःस्थापक, म्हणजे प्रजनन परत आणणारी जनुकं. एकट्या आरएफ१ वर भागत नाही, दोन्ही एकत्र आणून वर मदतनीस जनुकांची जोड द्यावी लागते. नाहीतर शेतकऱ्याच्या रानात पहिल्या पिढीची ओंबी अर्धीमुर्धीच भरते. भातात आरएफ३ आणि आरएफ४ वर काम निभतं आणि ती जनुकं आपल्या जातींत आधीच फिरत असतात. गव्हात ती परक्या नात्यातून ओढून आणावी लागली, सोबत नको ते गुण आले. टिमोफीवी पेशीद्रव्याच्या ओळींत दाणा आकसलेला निघणं आणि ओंबीतच मोड येणं या तक्रारी जुन्या आहेत.

खपलीचा विचार सोडून द्या. खपलीत २८ गुणसूत्रं, रोटीच्या गव्हात ४२. संकरात ३५ येतात, परागकण विस्कटतात आणि ओंबी निम्मी पोकळ राहते. मुलं त्यालाच ‘नर वंध्यत्व’ समजून बसतील. काही जोड्यांत तर रोप वाढता वाढता पिवळं पडून वाळतं, तोही जनुकांचा वेगळा झगडा आहे.

तरवा

कुसळ यांनी मादी राखण्याचा भाग मांडला. मी भाताच्या बाजूने बोलतो, कारण खरी खोट नरात आणि फुलाच्या ठेवणीत आहे.

लोक सांगतात की गव्हाचा परागकण फार कमी वेळ जगतो म्हणून जमत नाही. हे कारण अपुरं आहे. भाताचा परागकण तर पाच-दहा मिनिटांतच मरतो, गव्हाचा अर्ध्या तासाच्या आसपास टिकतो. तरी भातात हेक्टरी दीड-दोन टन हायब्रिड बी निघतं. कारण दुसरंच आहे. तुमच्या ए ओळीच्या फुलाकडे अकरा वाजता भिंग घेऊन बघा: तूस मिटल्यावरही जांभळट किंवा पांढरी कुक्षी बाहेर लोंबत राहते, आणि पुढचे दोन-तीन दिवस पराग घेऊ शकते. गव्हाची कुक्षी तुसांच्या आत बसलेली असते. नराकडे पाहा, तर गव्हाच्या एका परागकोशात हजार ते साडेतीन-चार हजार कण, राय धान्यात त्याच्या कितीतरी पट. त्यातही कितीक परागकोश बाहेर यायच्या आधी तुसांच्या आतच फुटतात. घरातच खर्च झालेला पराग शेजारच्या ओळीला काय मिळणार?

मग बियाण्याचा हिशेब. हायब्रिड भात हेक्टरी १५ किलोने लावतात. बीजोत्पादनाच्या एका हेक्टरातून १५०० किलो निघालं तरी १०० हेक्टर लागवड होते. गहू हेक्टरी १०० किलोने पेरतात. मादी ओळीत समजा १००० किलो भरलं, तरी १० हेक्टरच. बियाण्याची किंमत दहापट आणि उत्पादनातली वाढ भातापेक्षा कमी, अशी कात्री आहे. वंध्यत्वाची पद्धत कितीही सुंदर असो, या हिशेबातून सुटका नाही.

आता जीए. हा प्रश्न मला फार आवडला, कारण इथेच दोन्ही पिकं वेगळी होतात. भाताच्या बुटक्या जातींत एसडी१ हे जनुक असतं. त्यामुळे झाडात जिबरेलिन कमी तयार होतं. बाहेरून दिलं की झाड लगेच लांबतं. म्हणून ए ओळीची लोंबी पोटरीत अडकली की आपण हेक्टरी ६० ग्रॅम, म्हणजे गुंठ्याला साधारण ०.६ ग्रॅम जीए पाच लिटर पाण्यातून देतो: पाच-दहा टक्के निसवलं की ४० टक्के मात्रा, दुसऱ्या दिवशी उरलेली ६०. (पावडर थेट पाण्यात टाकू नका, एका ग्रॅमला ७० टक्के अल्कोहोल २५ ते ४० मिली घेऊन आधी विरघळवा. नाहीतर ती तळाशी बसते आणि पंपातून नुसतं पाणी जातं.)

आपल्याकडचे बहुतेक बुटके गहू नॉरिन १० या जपानी बुटक्या गव्हाच्या वंशातले आहेत, त्यांच्यात आरएचटी-बी१बी किंवा आरएचटी-डी१बी हे बुटकेपणाचं जनुक असतं. तिथे जिबरेलिन कमी नसतं, झाड त्याला जुमानतच नाही. कितीही ओता, ओंबीचा दांडा लांबणार नाही. हापूसला पॅक्लोब्युट्राझोल देऊन आपण झाडातलं जिबरेलिन दाबतो, तो परिणाम जीएने पुसता येतो. गव्हाच्या बुटकेपणाला तो उपाय नाही. शिवाय हीच दोन जनुकं परागकोश बाहेर येणं कमी करतात. म्हणून नर ओळ निवडताना ती नसलेली, किंवा आरएचटी२४ सारख्या दुसऱ्या जनुकाने बुटकी झालेली घेतात.

तुमची खपली इथे कामाला येईल. जुना उंच खपली आणि कुठलाही बुटका वाण, दोघांचे प्रत्येकी वीस दाणे १० पीपीएम जीएमध्ये (लिटरला १० मिलिग्रॅम), तेवढेच साध्या पाण्यात, ओल्या कागदात गुंडाळून ठेवा. दहा दिवसांनी पट्टी लावून मोजा. खपली जीएमध्ये लांब होईल, बुटका दोन्हीकडे सारखाच राहील. फळ्यावरच्या तासाभराच्या भाषणापेक्षा मुलांना हे जास्त कळेल.

राजनाला_कर्जत

जीएचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, गुंठ्याचा हिशेबसुद्धा मांडून ठेवला होता. आभारी आहे. मग पेशीद्रव्याच्या पद्धतीला पर्याय काय? भातात दोन ओळींची, तापमानावर चालणारी पद्धत आहे. गव्हातही असेल तर दापोलीच्या थंडीत चालेल? आणि इथेफॉनचं उत्तर राहिलं.

बेचाळीस

तापमानाची पद्धत चीनमध्ये वापरात आहे, पण तिचं तोंड भाताच्या विरुद्ध दिशेला आहे. भाताच्या तापमान-संवेदी ओळी उष्णतेत वंध्य होतात आणि गारव्यात बी धरतात. गव्हाच्या बीएस३६६ सारख्या ओळी परागकण तयार होताना १०–१२ अंशांच्या थंडीत वंध्य होतात आणि ऊब मिळाली की सुफल. रत्नागिरीत जानेवारीतसुद्धा किमान तापमान १८–१९ च्या घरात असतं. दापोली, कर्जतला रात्री त्याहून गार असल्या तरी दिवसा तीसपर्यंत चढतं. अशी मादी कोकणात लावली तर ती खुशाल स्वतःचंच बी भरेल. तिला राखायला, म्हणजे मादीचं बी वाढवायला कोकण उत्तम. संकर करायला निरुपयोगी.

दुसरा रस्ता केंद्रकातल्या जनुकाचा. एमएस१ हे जनुक बिघडलं की परागकण होत नाहीत. २०१७ साली त्याची ओळख पूर्ण पटली. यात आर ओळ शोधावी लागत नाही, कुठलाही साधा गहू नर म्हणून चालतो. अडचण मादी राखण्याची: वंध्य झाडाला संकरित सुफल झाडाचा पराग दिला की निम्मी पोरं वंध्य, निम्मी सुफल. फुलोऱ्याआधी निम्मं रान उपटायचं कसं? त्यावर काढलेली युक्ती देखणी आहे. रानगवताचं एक जादा गुणसूत्र, ४ई, त्या वंध्य झाडात घातलं. त्यावर प्रजनन परत आणणारं जनुकही आहे आणि दाण्याच्या वरच्या थराला निळा रंग देणारंही. ते झाड स्वतःशी फळलं की एकाच ओंबीत पांढरे आणि निळे दाणे येतात. पांढरा दाणा पेरला की वंध्य मादी. फिका निळा पुढच्या वर्षी मादी राखायला. गडद निळ्यात ते गुणसूत्र दोनदा असतं, तो बाजूला काढायचा. भातगिरणीत काळा-पिवळा दाणा उडवणारं सॉर्टेक्स यंत्र असतं, तशाच यंत्राने ही निवड करतात. ओल्या दाण्यात फिका निळा आणि पांढरा यातला फरक डोळ्याला फसवतो, म्हणून दाणा खडखडीत वाळल्यावरच निवडायचा.

तैगूचा प्रभावी एमएस२ वेगळा. १९७२ मध्ये चीनच्या शान्शी प्रांतात तैगूला सापडला. तो प्रभावी असल्यामुळे प्रत्येक पिढीत निम्मी झाडं वंध्य राहतात. आरएचटी१० या फार बुटक्या जनुकाशी जोडून दिल्यावर बुटकं झाड ते वंध्य, उंच ते सुफल, असं उभ्या पिकात ओळखता येतं. हायब्रिड बियाण्यासाठी नव्हे, नवी पैदास करताना संकर वाढवायला तो वापरतात.

आता परागकण मारणारी औषधं. सिंटोफेन हे फ्रान्समध्ये वापरातलं नाव, त्याने परागकणाची भिंत नीट घडत नाही. देण्याची वेळ म्हणजे ओंबी अजून कांड्याच्या आत साधारण एक-दीड सेंटिमीटरची असते तेव्हा. झाडाकडे बघून ती वेळ कळत नाही, मुख्य फुटवा उभा चिरून पट्टीने मोजावी लागते. ही खिडकी थोड्याच दिवसांची. त्यातच वारा किंवा पाऊस आला तर हंगाम गेला. मुख्य फुटवा योग्य वेळेत असतो तेव्हा मागचे फुटवे लहान असतात. त्यांच्यातून स्वतःचं बी भरतं आणि भेसळ होते. म्हणून मादी दाट पेरतात, फुटवे कमी राहावेत म्हणून.

इथेफॉनने हा प्रयोग सत्तरच्या दशकात झालेला आहे. वंध्यत्व येतं, पण अपुरं. वर झाड खुजं होतं, ओंबी पोटरीत अडकते आणि मात्रा वाढवली तर मादी बाजूही बिघडते. मुलांना हे अपयश दाखवायचं असेल तर चार कुंड्या ठेवा. ३९ टक्क्यांचं द्रावण असेल तर १००० पीपीएमला लिटरभर पाण्यात साधारण अडीच मिली. पाणी चुनकट नको, इथेफॉन तिथे लगेच विघटतं. द्रावण फवारणीच्या वेळीच करा, हातमोजे घाला, आणि त्या कुंड्यांचं धान्य खाण्यात जाऊ देऊ नका.

कुसळ

सर, वंध्य ओळीचं बी हातात नसताना चाळीस कुंड्यांत दाखवायची सरळ वाट म्हणजे हाताने खुडणी, म्हणजे मादीच्या फुलातले परागकोश काढून टाकणं. वंध्य मादी जशी वागते तशीच खुडलेली ओंबी वागते, आणि पुढची सगळी चर्चा तिच्यावर करता येते.

१५ नोव्हेंबरच्या सुमारास मादी पेरा. त्र्यंबक किंवा नेत्रावती, निफाडचे दोन्ही वाण सहज मिळतात. नर शक्यतो बिनकुसळी घ्या. कुसळ नसणं हे प्रभावी आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी संकरित रोप बिनकुसळी किंवा टोकाला तुटपुंजं कुसळ असलेलं निघतं आणि स्वतःशी फळलेलं कुसळी. भेसळ डोळ्यांनी मोजता येते. नराचे तीन हप्ते करा: मादीच्या पाच दिवस आधी, बरोबर आणि पाच दिवस नंतर. हे तुमच्या आर ओळीसारखंच. कोकणात ऊब जास्त म्हणून गहू लवकर निसवतो. एकच हप्ता केलात तर नर संपून जाईल आणि मादी वाट बघत राहील.

ओंबी पोटरीतून दोन-तीन सेंटिमीटर बाहेर आली की एक फूल उघडून बघा. परागकोश हिरवे असतील तर वेळ बरोबर. पिवळे झाले असतील तर ती ओंबी सोडून द्या, उशीर झाला. खालची आणि टोकाची लहान कणसुली काढून मधली दहा ठेवा. प्रत्येक कणसुलीतलं मधलं फूल चिमट्याने उपटा, बाजूची दोन राहू द्या. म्हणजे एका ओंबीत वीस फुलं. तुसांचं वरचं एक तृतीयांश टोक कात्रीने कापा आणि प्रत्येक फुलातले तीनही परागकोश काढा. तीन मोजूनच पुढे जा. दोनच निघाले आणि एक आत राहिला ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. परागकोश चिमट्यात फुटला तर ते फूलच काढून टाका आणि चिमटा ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून पुसा. मग बटर पेपरची पिशवी, तारीख घातलेला टॅग.

दोन ते चार दिवसांत कुक्षी पिसासारखी फुलते. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान नराची नुकती फुलायला लागलेली ओंबी आणा, तिची तुसं कापून दोन-चार मिनिटं उन्हात धरा. परागकोश डोळ्यांसमोर लांबून बाहेर येतात, मुलांना हा क्षण चुकवू देऊ नका. ती ओंबी उलटी करून मादीच्या पिशवीत घाला, बोटांत गरगर फिरवा, पिशवी पुन्हा बंद. वीसपैकी दहाहून अधिक दाणे भरले तर हात बसला म्हणायचं.

आणि पाच खुडलेल्या ओंब्या पराग न देता पिशवीतच ठेवा, आणखी पाच खुडून पिशवी न लावता नराच्या कुंड्यांशेजारी उघड्या ठेवा. पहिल्या पाचांत दाणा आला तर खुडणीत चूक आहे. दुसऱ्या पाचांत वाऱ्याने किती दाणे येतात ते मोजा. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर या पाच ओंब्यांत आहे.

तरवा

त्या उघड्या पाचांबद्दल: कुंड्या मांडताना वारा धरा. किनाऱ्याजवळ सकाळी मतलई वारा पूर्वेकडून समुद्राकडे जात असतो आणि दहा-अकराच्या सुमारास फिरून खारा वारा पश्चिमेकडून सुरू होतो. गव्हाचं फुलणं नेमकं या सांध्यावर येतं. म्हणून नराच्या कुंड्या मादीच्या पूर्वेलाही ठेवा आणि पश्चिमेलाही, ओळ उत्तर-दक्षिण. भाताच्या प्लॉटमध्येही ओळी वाऱ्याला आडव्या लावतो त्याचं कारण हेच.

उघडी फुलं रोगालाही उघडी असतात. भातात ए ओळीवर आभासमय काजळी बी ओळीपेक्षा जास्त दिसते, गव्हात मोकळी काणी फुलातूनच शिरते. काळी भुकटी झालेली नराची ओंबी दिसली की पिशवीत धरून कापा, झटकू नका.

राजनाला_कर्जत

मांडणी ठरली. शेवटचं एक: मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली वंध्य आणि सुफल पराग शेजारी शेजारी दाखवायचाय. वंध्य नमुना गव्हाचा नाही, पण उन्हाळी प्लॉटमधली ए ओळ आहे. ती चालेल ना? डाग कशाचा द्यायचा?

बेचाळीस

उत्तम चालेल, उलट तेच करा. एक टक्का आयोडीन: २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आधी थोड्या पाण्यात विरघळवा, त्यात १ ग्रॅम आयोडीन घाला, मग १०० मिली करा. उलट क्रमाने केलंत तर आयोडीन विरघळत नाही, खडे तसेच राहतात. तपकिरी बाटलीत ठेवा.

नमुना उमलायच्या आदल्या संध्याकाळी किंवा सकाळी सातच्या आत घ्या. लोंबीच्या टोकाचं, मधलं आणि बुडाचं अशी तीन फुलं, प्रत्येकातले सगळे परागकोश काचपट्टीवर एका थेंबात ठेचा आणि कोशाची साल चिमट्याने उचलून टाका, नाहीतर झाकणकाच तिरकी बसते. दोन मिनिटं थांबून तीन ठिकाणी मोजा. बी ओळीचे कण गोल, काळेनिळे दिसतील, कारण त्यात स्टार्च भरलेला असतो. ए ओळीचे सुरकुतलेले, कोनाकोनाचे, पिवळट. गव्हाचा सुफल परागही हाच डाग घेतो, तो आकाराने भातापेक्षा मोठा दिसेल. ए ओळीच्या एखाद्या झाडात काळे गोल कण सापडले तर त्या झाडाला लगेच खूण करा आणि प्लॉटमधून उपटा. दुपारी बाराच्या पुढे घेतलेला नमुना मात्र वापरू नका. सुफल झाडाचेही कोश तोपर्यंत रिकामे झालेले असतात आणि ते वंध्य असल्यासारखे दिसतात.